पंख्याची घरघर आणि मिरजेची जवारी

संगणकाच्या पंख्यामुळे घरच्या संगीतश्रवणाचा दर्जा घटतो का, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे होतो. आमच्या मते तो रसिकतेचाही प्रश्न आहे.

पंख्याच्या आवाजाने फाइलमधील एकही अंक बदलत नाही, हे खरेच. परंतु ऐकणे खोलीत घडते. तिथे सततची घरघर मंद ध्वनी झाकून टाकते. मिरजेच्या सतारमेकरांचे कसब नेमके या मंद ध्वनींत आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग बारकाईने घासून ते जवारी काढतात. तिच्यामुळे तारेतून सूक्ष्म उपस्वर उमलतात आणि सावकाश विरतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. त्याचा अभिमान बाळगायचा आणि ते विरणे मात्र ऐकायचे नाही, ही विसंगतीच म्हणावी लागेल.

मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (निधन १९३७) तबकड्यांत मूळचीच खरखर आहे. तिथे पंखा फारसा खटकणार नाही, असा आक्षेप येईल. पण ती खरखर त्या काळाच्या तंत्राची मर्यादा होती. आपली घरघर टाळता येण्याजोगी आहे. महागडे स्पीकर घेण्याआधी संगणक कानापासून दूर ठेवावा किंवा मोठा, संथ फिरणारा पंखा बसवावा. कवितेतला विराम जपणाऱ्या वाचकाला स्वरामागच्या शांततेचे मोल वेगळे सांगायला नको.