दिवाळीच्या सुट्टीतली हरित सहल

हरित ऊर्जा दाखवणाऱ्या कौटुंबिक सहलीसाठी पुणेकरांना सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे सातारा, चाळकेवाडी, पाटण, कोयनानगर आणि घाट उतरून पोफळी. वारा, ऊन आणि पाणी या तिन्हींची वीज या एकाच पट्ट्यात तयार होते. शाळा ‘अपारंपरिक ऊर्जा’ हा प्रकल्प बहुधा दिवाळीच्या सुट्टीत देतात, त्यामुळे आईवडील, आजी, दोन मुले आणि चिवड्याचा डबा अशी गाडी त्याच दिवसांत निघते. वाऱ्याचा हंगाम तेव्हा संपलेला असतो.

सहलीला निघण्याआधी हरित शहराचा धडा घरातूनच सुरू होतो. सौर यंत्रणा, पावसाचे पाणी साठवणे वा जिरवणे आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प राबवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका करात 5 टक्के आणि दोन किंवा अधिक राबवणाऱ्यांना 10 टक्के सवलत देते. योजना चांगली आहे. तिचे फलित पाहायचे तर एखाद्या सोसायटीच्या मागच्या बाजूला जावे. तिथे विटांचे दोन हौद असतात, एकात फुटक्या कुंड्या आणि दुसऱ्यात मागच्या वर्षीचा आकाशकंदील. गांडुळांनी केव्हाच जागा सोडलेली असते, सवलत मात्र नियमित चालू असते. गच्चीवरच्या सौरबंबाच्या नळीला कपडे वाळत घातलेले दिसले, की तो बंब चालू नाही हे वेगळे तपासावे लागत नाही.

गाडी विजेची असेल तर आणखी एक हिशेब येतो. महाराष्ट्राची बहुतांश वीज अजून कोळशाचीच असल्याने महामार्गावर चार्जिंगला लावलेल्या गाडीत मुख्यतः कोळसाच भरला जातो. गाडी चालवताना धूर निघत नाही, तो राखेसह चंद्रपूर-कोराडीकडे निघतो. सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरचा चढ सुरू झाला, की बॅटरीचे आकडे भराभर उतरतात आणि गाडीतले संभाषण थांबते. उतारावर थोडी वीज परत मिळते, पण ती चढावर खर्चलेल्या विजेची बरोबरी करत नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि पाटण तालुक्यात वनकुसवडे येथे, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंचावर, आणखी मोठा पवनऊर्जा प्रकल्प आहे. येथील वीज मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातील शक्ती आठपट होते, म्हणून जून ते सप्टेंबर हे सुगीचे महिने. तेव्हा पठारावर इतके धुके असते, की पात्यांचा आवाज येतो आणि पाती दिसत नाहीत. दिवाळीत पाती स्वच्छ दिसतात, पण बरीचशी उभी असतात. ‘बंद पडल्यात’, असा निष्कर्ष गाडीतील ज्येष्ठ सदस्य काढतात. वास्तविक सेकंदाला तीन-चार मीटरपेक्षा कमी वाऱ्यावर चक्की वीज देऊ शकत नाही आणि पंचवीस मीटरच्या आसपास तिला सुरक्षिततेसाठी थांबवावेच लागते.

या पठारावर खरे पाहण्यासारखे आहे ते जमिनीवर. काळ्या दगडांवर राहणारा एक सरडा, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा, 2016 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पडदा असतो. उन्हाळ्यात तो दगडावर चढून हा पडदा पंख्यासारखा उघडमीट करतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी चाळकेवाडीत केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि त्यामुळे सरडे वाढले. शत्रू नसल्याने त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ आल्याशिवाय ते पळत नव्हते. मात्र गर्दी वाढल्याने अन्नावर स्पर्धा आली, अंगकाठी खालावली आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. म्हणजे पवनचक्कीने तिथे शिकारी पक्ष्यांच्याही वरच्या शिकाऱ्याची जागा घेतली आहे, आणि तीही एकही पक्षी न खाता. शालेय प्रकल्पाच्या तक्त्यावर ‘प्रदूषणविरहित’ या शब्दापुढे हा सरडा काढलेला दिसत नाही. मुलांना तो पात्यांपेक्षा जास्त आवडेल. पण तो रंग पाहण्यासाठी एप्रिल-मेमध्ये यावे लागते, आणि तेव्हा सहल कोकणात आंबे खायला गेलेली असते.

उन्हाची वीज पाहण्यासाठी पाटण तालुक्यातच मान्याचीवाडी आहे. 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून या गावाची घोषणा झाली. अशा ठिकाणी पाहण्यासारखे म्हणजे कौलांवरचे पॅनेल आणि वीजबिल. दुसरे जास्त बोलके.

शेवटचा टप्पा कोयना. धरण 103 मीटर उंच असून त्याच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून कोकणात साडेचारशे मीटरहून अधिक खाली सोडले जाते आणि सर्व टप्पे मिळून 1,960 मेगावॉट क्षमता होते. पवनचक्की वाऱ्याची वाट पाहते. कोयनेची जनित्रे मात्र मागणी वाढली, की काही मिनिटांत सुरू करता येतात, म्हणून ती प्रामुख्याने सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांसाठी राखली जातात. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे, कारण तेच पाणी पूर्वेकडे शेतीलाही हवे असते. पोफळीचे वीजगृह भूगर्भात आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. त्यामुळे बहुतेक कुटुंबे कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरणाचे फोटो घेतात आणि प्रकल्पाच्या वहीत तेच चिकटवले जातात.