गणेशखिंडीचा प्रासाद

पुण्याच्या वायव्येस, गणेशखिंडीजवळ, दाट झाडींतून एक उंच मनोरा डोकावतो. इटालियन धर्तीची ती प्रशस्त दगडी इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचें एके काळचें पावसाळी निवासस्थान. याच परिसरांत ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई होऊन पेशवाईच्या अस्तास आरंभ झाला. जेत्यांचा वाडा तेथेंच उठावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

सर बार्टल फ्रियर यांनीं १८६४ सालीं काम आरंभिलें. अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसास तेव्हां सोन्याचा भाव होता. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि बाजार कोसळला. बांधकाम मात्र १८७१ पर्यंत चाललें, व खर्चाचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला.

२२ जून १८९७ च्या रात्रीं येथें राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. प्लेगनें व प्लेगच्या झडत्यांनीं शहर पोळलें होतें. येथें रोषणाई होती. समारंभाहून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या, त्या याच रस्त्यावर.

स्वातंत्र्यानंतर ही परकी खूण पुसून टाकावी, असें कोणास वाटतें तर नवल नव्हतें. तसें झालें नाहीं, हें सुदैव. १८२८ सालीं शनिवारवाडा जळाला. आज तट आणि जोतीं तेवढीं उरलीं आहेत. गणेशखिंडीची वास्तु मात्र नांदती राहिली, कारण तिला नवें कार्य मिळालें. १९४८ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरु झाले, आणि उद्यानासह तो प्रासाद सरस्वतीच्या सेवेस लागला.

२०१४ सालीं विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. येथें आपण क्षणभर थांबलें पाहिजे. विद्यापीठाच्या बरोबर शंभर वर्षें आधीं, १८४८ सालीं, भिडेवाड्यांत मुलींची शाळा निघाली. तिकडे शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण व दगड फेकणारे कोणी विलायतेचे नव्हते. ते आपल्याच पेठांतले होते. आज आपल्या लेकीसुनांच्या पदवीपत्रांवर तेंच नांव छापलेलें असतें.

सुटींत मुलांस पर्वती व शनिवारवाडा दाखविण्याची आपल्या घरांतून चाल आहे. तींत गणेशखिंडीची भर घालावी. मात्र मनोऱ्याकडे बोट दाखवून परतूं नये. विद्येचें दार कोणास बंद होतें, कोणीं बंद केलें आणि कोणीं उघडलें, हें वडील माणसांनीं स्वतःच्या तोंडानें सांगावें.