आत्मविश्वास ही कोणाची मिळकत?

व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग आता तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. ठरावीक शुल्क भरावे, काही आठवडे जावे आणि आत्मविश्वास, संभाषणचातुर्य व भावनिक समतोल घेऊन घरी यावे, असा हा व्यवहार आहे. त्यामागचे गृहीतकृत्य असे की, आत्मविश्वास ही व्यक्तीची खाजगी मिळकत असून ज्याच्यापाशी ती नाही त्याने ती कमवावी. डाव्या चळवळीतील आपले उत्तर बहुधा ठरलेले असते : ही मध्यमवर्गाची चैन आहे, आधी भाकरीचे बोला. माझ्या मते हे उत्तर त्या वर्गांच्या जाहिरातीइतकेच चुकीचे आहे. आत्मविश्वास ही खाजगी वस्तू नाही हे खरे. पण म्हणून ती चैनही ठरत नाही. ती कामातून, सहवासातून आणि चारचौघांत मिळणाऱ्या मानातून निर्माण होते. ही साधने काढून घेतली की ती आटते, आणि तिच्याबरोबर लढण्याची शक्तीही आटते.

याचा सर्वांत जुना व विश्वसनीय पुरावा ऑस्ट्रियातील आहे. व्हिएन्नाजवळच्या मारियेनथाल या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावातील कापड गिरणी १९२९-३०च्या मंदीत बंद पडली. गावातील तीन-चतुर्थांशांहून अधिक कुटुंबांत मिळवता माणूस उरला नाही. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल या तरुण समाजवादी अभ्यासकांनी १९३१-३२मध्ये या गावाची पाहणी केली. लाझार्सफेल्ड यांच्या मनात कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास होता. बेकारीने देश पोळत असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, असे समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना सुनावले, आणि विषय बदलला. गावात कोणी केवळ बघ्या म्हणून जायचे नाही, काही उपयोगी काम करूनच राहायचे, असा या मंडळींचा दंडक होता. त्यांनी कपडे गोळा करून वाटले, वैद्यकीय तपासणीची सोय केली, कपडे बेतण्याचे वर्ग चालविले. आपल्याकडील कित्येक पाहणी-पथकांनी हा दंडक लिहून ठेवावा.

त्यांना काय आढळले? ग्रंथालयाने पुस्तकांचे शुल्क माफ केले होते आणि वेळ तर सर्वांपाशी अमाप होता. तरी दोन वर्षांत नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पक्षाचे दैनिक बेकारांना सवलतीत मिळत असूनही त्याचे वर्गणीदार घटले. पुरुष रस्त्यातून चालताना ठायी ठायी थांबत. बहुतेकांनी घड्याळ वापरणे सोडून दिले होते. बायका मात्र झपाझप चालत, कारण घरकाम काही बंद पडले नव्हते. (त्या कामाला मजुरी नव्हती, हा वेगळा प्रश्न, पण त्याने दिवसाला आकार होता.) हालअपेष्टा वाढल्या की माणूस बंड करून उठेल, ही त्या काळच्या अनेकांची श्रद्धा होती. मारियेनथाल उठले नाही. ते थकले, मिटले. उपाशी माणसाला राग येतो, पण ज्याला आपली कोणाला गरज नाही असे वाटू लागते त्याला रागही येईनासा होतो.

याहोदा यांनी पुढे १९८२मध्ये या अनुभवाचा सिद्धान्त मांडला. नोकरी वेतन देते हे उघड आहे. त्याखेरीज ती दिवसाला शिस्त, घराबाहेरील माणसांशी संबंध, सामुदायिक उद्दिष्टाची जाणीव, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल या पाच गोष्टी नकळत देत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

योगायोग असा की, त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्या संपाचा हिशेब आम्ही अर्थशास्त्र्यांनी रुपयांत, चात्यांत आणि एकरांत केला : बुडालेला पगार, बंद पडलेल्या चात्या, मोकळी झालेली जमीन. गिरणगावात भोंग्याने दिवसाचे तुकडे पाडले होते. पाळी सुटली की तालीम, भजनी मंडळ, कामगार रंगभूमी, चाळीतील गाववाल्यांची खोली होती. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी या वस्तीतील माणसांच्या मुलाखती घेऊन २००४मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, तो वाचताना याहोदांच्या पाचही गोष्टी एका वस्तीतून कशा उठून गेल्या हे ध्यानात येते. पुनर्वसन म्हणजे घर आणि भरपाई, यापलीकडे आपली मागणीही गेली नाही.

याच गिरणगावाने उलट बाजूही दाखविली आहे. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. व्याज कमी झाले, हा अर्थशास्त्राचा भाग. पण जी बाई कधी बँकेची पायरी चढली नव्हती तिने व्यवस्थापकासमोर खुर्चीवर बसून स्वतःच्या धंद्याचे आकडे सांगणे, हा त्या कर्जाचा भाग नव्हे असे कोण म्हणेल?

आमच्या शास्त्राला हे अगदीच अपरिचित नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६मध्येच लिहून ठेवले की, तागाचा सदरा ही जीवनावश्यक वस्तू नसली तरी त्या काळच्या युरोपच्या बहुतेक भागांत तो अंगात नसेल तर मजुराला चारचौघांत जाण्याची शरम वाटेल. म्हणून तो गरजेच्याच वस्तूंत धरावा. अमर्त्य सेन यांनी दारिद्र्याच्या चर्चेत हा मुद्दा पुन्हा पुढे आणला. पुण्यातील कचरावेचक बायकांच्या बाबतीत तो सदरा म्हणजे ओळखपत्र होते. १९९३मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. चोर समजून हटकली जाणारी बाई ‘मी कामगार आहे’ असे पोलिसाच्या तोंडावर सांगू शकली. हा आत्मविश्वास कोणत्या वर्गात विकत मिळाला असता?

येथे एक सावधगिरी हवी. संघटना म्हणजे औषध नव्हे. ज्याला विषादाचा विकार जडला आहे त्याला ‘मोर्चात ये, बरे वाटेल’ असे सांगणे हे अज्ञान आहे, प्रसंगी क्रौर्यही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा प्रौढांमागे सुमारे एक जण मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे व त्यांतील फार मोठा भाग उपचाराविना असल्याचे आढळले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तोही १९८२मध्येच. २०१७च्या कायद्याने शासनाच्या सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला. रेशनच्या हक्कासाठी आपण तहसील कचेरीवर गेलो. या हक्कासाठी किती जिल्हा रुग्णालयांवर गेलो?

आणि आपल्या सभांचे काय? ठराव मांडणे, इतिवृत्त लिहिणे, विरोधी मत संयमाने ऐकणे ही सामाजिक कौशल्ये कष्टकऱ्याला फुकट शिकविणारी शाळा म्हणजे त्याची संघटना. व्यवहारात चार ठरलेले वक्ते बोलतात, बायका मागच्या रांगेत बसतात, नवा मुलगा सतरंज्या घालतो. भाषण करायला आपण पुष्कळांना शिकविले, ऐकून घ्यायला फारसे कोणाला शिकविले नाही. वर्षानुवर्षे राबून मनाने खचलेला कार्यकर्ता ‘निष्क्रिय झाला’ एवढ्या एका शब्दात आपण निकालात काढतो.

शाखेच्या हजेरीपटाचा उपयोग यापुढे निराळा व्हावा, अशी माझी सूचना आहे. सलग तीन बैठकांना जो आला नाही त्याच्या घरी दोघांनी जावे. वर्गणी मागण्यासाठी नव्हे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, मुळात बसतात की नाही, हे चिटणीसाने स्वतः जाऊन पाहावे आणि फलकावर लिहावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही तेथेच लिहावा. आणि पुढच्या बैठकीचे इतिवृत्त मागच्या रांगेतील बाईकडे सोपवावे. शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर निघोत.