मगरिब ते इशा, मोबाइल बाजूला : शिवडीत हे जमेल का?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावात संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. कोरोनानंतर शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी हा मार्ग काढला.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. आम्हाला वडगावची पद्धत जास्त पटते, कारण तिथे मुलांसोबत मोठ्यांनीही फोन खाली ठेवला.

अभ्यास करता करता मेसेज पाहिला तर बिघडते काय, असे मुले विचारतात. डोके लावावे लागेल अशी दोन कामे मेंदू एकदम करत नाही, तो एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारतो. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालात म्हटले आहे की, एकदा लक्ष विचलित झाले की विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यासात रमायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासाभरात चार वेळा फोन वाजला, तर अभ्यास झाला किती?

शिवडीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी कितीतरी कुटुंबे आहेत. तिथे एकाने रील लावली की ती सगळ्या घराला ऐकावी लागते, दहावीच्या मुलीलाही. त्याहून मोठे नुकसान बोलण्याचे आहे. मुलगा काही सांगायला येतो, अब्बा स्क्रीनवरून नजर न काढता ‘हूं’ म्हणतात. असे रोज झाले की मुलगा सांगायचेच सोडून देतो. मग तो कुठे जातो, कुणाशी बोलतो, हे घराला सर्वांत शेवटी कळते.

आपल्या नबी करीम (स.) यांच्याबद्दल शमाइलच्या रिवायतींमध्ये येते की, ते कुणाकडे वळत तेव्हा पूर्ण शरीराने वळत. समोरच्याला पूर्ण लक्ष देणे ही सुन्नत आहे. आपण तिला किती घरांत जागा दिली आहे?

वडगावला भोंगा लागला, आपल्याकडे अजान आहेच. मुंबईत मगरिब आणि इशाच्या वेळेत साधारण सव्वा तासाचे अंतर असते. तेवढा वेळ घरातले सगळे फोन एका डब्यात ठेवता येतील. अडचणी आहेत, हे मान्य. डिलिव्हरी करणाऱ्या किंवा टॅक्सी चालवणाऱ्या भावाची रोजी-रोटी फोनवर आहे, त्याला सूट द्यावीच लागेल. दुबईहून अब्बांचा व्हिडिओ कॉल आला तर तोही घ्यावा, पण सर्वांनी मिळून, दुसरे काही न चाळता.

एकट्या घराने हे ठरवले तर चार दिवसांत मोडते, कारण शेजारच्या मुलाच्या हातात फोन दिसतो. म्हणून मस्जिदीच्या जिम्मेदारांनी जुम्याच्या बयानात हा विषय घ्यावा आणि एकेका चाळीने किंवा इमारतीने मिळून सुरुवात करावी. परीक्षेच्या महिन्यापुरते केले तरी चालेल. मात्र डब्यात पहिला फोन अम्मी-अब्बांचा पडला पाहिजे.