पाटी छापावी कीं कापावी?

मोताळ्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. फावल्या वेळांत व्हायनलच्या लहान पाट्या करून विकाव्या, असा त्यांचा व त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचा बेत आहे. त्यासाठीं स्वस्तांतलें यंत्र कोणतें घ्यावें, असें त्या विचारतात. सासूबाई आपली बँकेंतील ठेव मोडून पैसे देण्यास सिद्ध आहेत, आणि म्हणूनच त्यांचा जीव धाकधुकींत आहे. ही धाकधूक आम्हांस मोलाची वाटते. वृद्धेच्या पैशाचें यंत्र चुकलें, तर केवळ पैसाच जात नाहीं; पुढें त्या घरांत सुनांच्या शब्दाचें वजनहि जातें.

प्रथम मागणी पाहूं. कायद्यांतील २०२२ सालच्या दुरुस्तीनें महाराष्ट्रांतील लहानमोठ्या सर्व दुकानांवर देवनागरी मराठी नामफलक आवश्यक झाला असून, त्यांतील मराठी अक्षरें इतर भाषेच्या अक्षरांहून लहान असतां कामा नयेत. शिवाय दवाखान्याची वेळ, शिकवणीवर्गाचें नांव, घराच्या फाटकावरील आडनांव, हीं कामें आहेतच. मोठ्या फलकांच्या नादीं मात्र लागूं नये; तें मोठ्या यंत्रांचें काम.

आतां यंत्रें. शाईच्या टाक्यांचा घरगुती प्रिंटर स्वस्त खरा. परंतु अशा यंत्रांत काळी शाई कणयुक्त असली, तरी रंगीत शाया पुष्कळदा विरघळत्या रंगाच्या असतात. वऱ्हाडच्या उन्हांत त्या लवकर फिकटतात व पावसांत ओघळतात. वर पारदर्शक आवरण चढवून कडा झांकल्या तर पाणी थांबतें, ऊन पुरतें थांबत नाहीं. बाहेरच्या पाटीस सर्वच शाया कणयुक्त हव्यात. लेसर प्रिंटरमध्यें साधें व्हायनल कधींहि घालूं नये. आंतील तप्त रुळास तें वितळून चिकटतें. सॉल्व्हंट शाईचें यंत्र उत्तम. पण त्याची किंमत लाखांत, आणि तें नियमित चालविलें नाहीं तर शाई वाळून छिद्रें बुजतात. महिन्याला दहा-वीस पाट्यांच्या धंद्यास तें परवडावयाचें नाहीं.

आमचें मत असें कीं, पहिलें यंत्र छपाईचें नकोच; रंगीत व्हायनल कापणारें लहान यंत्र घ्यावें. त्यांत चित्रें निघणार नाहींत. पण नांवाच्या पाटीला चित्र हवें कशाला? रंग व्हायनलच्या अंगांतच असल्यामुळें शाईचा खर्च नाहीं, आणि चांगल्या प्रतीचें व्हायनल उन्हापावसांत कांहीं वर्षें टिकतें. देवनागरीस एक सोयहि आहे : शिरोरेषेमुळें अख्खा शब्द एकसंध उचलतां येतो. मात्र कापण्यापूर्वीं संगणकावर अक्षरें एकमेकांत सांधून घ्यावीं, नाहीं तर सुरी प्रत्येक सांध्यावर रेषा तोडीत जाते. अनुस्वारहि जपावे. तेवढा एक ठिपका निसटला, तर ‘रंगाचें दुकान’ हें ‘रगाचें दुकान’ होऊन बसेल!

आणि ठेव तूर्त मोडूं नये. आधीं शहरांतील एखाद्या कारागिराकडून पांच-सहा पाट्या कापून आणाव्या व गांवांत विकून पाहाव्या. एक स्वतःच्या फाटकावर लावून तिला वैशाखाचें ऊन आणि श्रावणाचा पाऊस खाऊं द्यावा. गिऱ्हाइकें किती आलीं आणि पाटी कशी राहिली, हें भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें. सासूबाईंची ठेव तोंवर बँकेंत व्याज मिळवीतच राहील.