आंदणातला किल्ला

परवा नववीच्या वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, तिसऱ्या क्रुसेडला युरोपचे तीन बडे राजे निघाले होते. तरी सुलतान सलाहुद्दीनपुढे त्यांचे काही चालले नाही. असे का?" प्रश्न ऐकून सारा वर्ग सरसावून बसला. आपल्या विजयाची गोष्ट कुणाला आवडत नाही?

आम्ही सांगितले. जर्मनीचा फ्रेडरिक ११९० साली वाटेतच नदीत बुडून मेला आणि त्याची बरीचशी फौज परत फिरली. इंग्लंडचा रिचर्ड व फ्रान्सचा फिलिप यांनी जुलै ११९१ मध्ये अक्का शहर घेतले. पण दोघांचे आपसात पटत नव्हते. ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने लावलेले निशाण रिचर्डच्या माणसांनी खाली फेकले. काही आठवड्यांत फिलिप मायदेशी निघून गेला. रिचर्ड दोनदा बैतुल मुकद्दसच्या जवळ पोचला आणि दोनदा मागे फिरला. शहर घेतले तरी राखायचे कुणी, हा प्रश्न होताच. अखेर सप्टेंबर ११९२ मध्ये तह झाला. परतीच्या वाटेवर रिचर्डला कैद केले ते त्याच लिओपोल्डने!

मुले हसली. मग आम्ही पुढचे पान उलटले. ११९३ मध्ये सलाहुद्दीन अल्लाहला प्यारे झाले आणि त्यांच्या घराण्यात सत्तेसाठी भांडणे लागली. ती इतकी वाढली, की १२२९ मध्ये त्यांचाच पुतण्या कामिल याने बैतुल मुकद्दस लढाईवाचून, तहाने दुसऱ्या फ्रेडरिकच्या हाती दिले. आता वर्गात कुणी हसले नाही.

फार दूर जायलाही नको. सिद्धेश्वर तलावाकाठचा आपला सोलापूरचा भुईकोट आपण जाता-येता पाहतो. १५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा निकाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाला. तोही इथेच, सोलापुरात. आंदण म्हणून हा किल्ला द्यायचे ठरल्याचे निजामशाहीचे म्हणणे. किल्ला काही मिळाला नाही. दुसऱ्याच वर्षी नातलग तलवारी घेऊन समोरासमोर आले, आणि पुढे चाळीस वर्षे या किल्ल्यापायी माणसे मरत राहिली. कधी एकाने, कधी दुसऱ्याने विजयनगरच्या रामरायाची मदत घेतली. धर्माचा त्यात संबंध नव्हता. होता तो हट्ट.

पुढे हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूरचा किल्लाही दिला. या वेळी दिलेला शब्द पाळला गेला. आदिलशाही व निजामशाही एक झाल्या, कुतुबशाही व बरीदशाही सोबत आल्या आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई त्यांनी जिंकली. पण ही एकी लढाईपुरतीच ठरली. थोड्याच काळात जुने वैर वर आले. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड गिळले, १६१९ मध्ये आदिलशाहीने बीदर. अहमदनगरचा किल्ला मोगलांपासून राखणाऱ्या चांदबिबीला १६०० मध्ये तिच्याच माणसांनी मारले आणि किल्ला अकबराच्या फौजेकडे गेला. १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाने घेतले. एकेक करून सारी घरे रिकामी झाली.

हे सारे आज का आठवले? आमच्या परिचयातले दोन भाऊ आहेत. मशिदीच्या कामात दोघे खांद्याला खांदा लावून उभे असतात, वर्गणीत कुणी मागे नाही. पण वडिलांच्या घरातला बहिणीचा हिस्सा पंधरा वर्षे "देऊ, देऊ" म्हणून राहिला आहे. आता एका खोलीवरून भावाभावांतही बोलणे बंद आहे. ईदला बहीण येते, दोन्ही दारांत उभ्याने सलाम करते आणि निघून जाते.

मुलीचा वाटा सूरह निसामध्ये ठरवून दिलेला आहे. तो भावाचा उपकार नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे. अल्लाहने हे सांगितले ते नाती टिकावीत म्हणूनच. तोंडी शब्द, मनात खोट आणि वर एकीची भाषणे, यातून राजांचे भले झाले नाही, तर आपले कुठून होणार?

म्हणून वाचक बंधुभगिनींना एकच विनंती. या महिन्यात कधीतरी घरातल्या थोरामोठ्यांसोबत बसा. मेहेर बाकी आहे का, बहिणीचा हिस्सा राहिला आहे का, कुणाची उधारी आहे का, ते कागदावर मांडा आणि देऊन टाका. त्या मुलाला आम्ही शेवटी हेच म्हणालो, "बाळ, ते का हरले हे तू विचारलेस, चांगले केलेस. आता घरी जाऊन विचार, आपल्याकडे कुणाचे काही देणे राहिले आहे का?"