आजच्यापुरती भाकर

एक गंमत सांगू? गेल्या वर्षी तब्बल 19 दिवस मी नसलेल्या ऑफिसला जात होते!

झालं असं, की एका शुक्रवारी एचआरने केबिनमध्ये बोलावलं, गोड शब्दांत 'रिस्ट्रक्चरिंग' वगैरे समजावलं आणि लॅपटॉप ठेवून घेतला. टीम लीडची पोस्ट, हाताखाली सहा जण, खारघरच्या फ्लॅटचा ईएमआय... आणि एका दुपारीत सगळं गुल. घरी सांगायचं धाडसच होईना. सोमवारी नेहमीसारखा डबा भरला, बॅग अडकवली आणि निघाले. फक्त ऐरोलीऐवजी वाशीची लोकल पकडली. दिवसभर सागर विहारच्या बाकावर बसून मोबाइलवरून नोकरीचे अर्ज. संध्याकाळी 'काय काम होतं गं आज!' म्हणत घरी.

आम्ही मराठी ख्रिस्ती. रविवारचं चर्च चुकत नाही. त्या रविवारीही मी झोकात गेले, दानाच्या थाळीत नेहमीची नोट टाकली. कुणी आजारपणासाठी, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थनेची विनंती करत होतं. माझं तोंड बंद. मी देणाऱ्यांतली ना! घेणाऱ्यांच्या रांगेत कशी उभी राहणार?

शेवटी मोबाइलनेच घात केला. तो घरी विसरले आणि आई तो द्यायला थेट ऑफिसच्या गेटवर. पुढचं वॉचमनने सांगितलं!

आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "देवाकडे रोज भाकर मागतेस. ती काय आभाळातून पडणारे? कुणाच्या तरी हातूनच येणार ना?"

खरंच की. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मराठी बायबलमध्ये 'भाकर' हाच शब्द आहे. वर्षाचं पॅकेज नाही, इन्क्रिमेंट नाही. आजच्यापुरती भाकर.

मग आईने तिची लाडकी गोष्ट काढली. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची. बाईंचा सीव्ही सॉलिड! 1878 मध्ये, वयाच्या विशीत, कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे याच सरस्वतीने अमेरिकेत ठिकठिकाणी भाषणं देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसे मागितले. मदत मिळाली, पण दहा वर्षांच्या बोलीवर. ती मुदत सरत आली आणि 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. पुढच्या पैशांची हमी? शून्य. पण त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच उपासमारीने गेले होते. भूक त्यांना ठाऊक होती.

देवावर हवाला ठेवला म्हणून बाई हातावर हात धरून बसल्या नाहीत. केडगावात शेती झाली, विणकाम झालं, छापखाना निघाला. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. तेही संस्कृतचा दिमाख न मिरवता, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. नम्रता म्हणजे 'छे हो, मी कुठे काय' म्हणत लाजणं नव्हे. ती नुसती अॅक्टिंग! हुशारी, नोकरी, रोजची भाकर, सगळं कुठून तरी मिळालेलं आहे, हे मान्य करणं म्हणजे नम्रता. काम जीव तोडून करायचं, फक्त 'हे सगळं माझंच कर्तृत्व' हा हट्ट सोडायचा. आणि देवावर विसंबतो म्हणायचं, पण शेजाऱ्याचा हात नको? मग तो विश्वास नाही, नुसता तोरा.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभी राहिले. "माझी नोकरी गेलीय. माझ्यासाठी प्रार्थना करा." एवढी दोन वाक्यं, पण पाय लटपटत होते! त्याच संध्याकाळी मागच्या बाकावरच्या काकूंकडून मटणाचा डबा आला. ज्याला कधी धड हॅलोही म्हटलं नव्हतं, त्या मुलाने माझा सीव्ही चार ठिकाणी पाठवला. दोन महिन्यांनी बेलापूरला नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी. टीम? सध्या मीच कुणाच्या तरी टीममध्ये!

आता मी प्रार्थनेत प्रमोशन मागतच नाही, असं समजू नका हं. मागते! पण आधी भाकर मागते. आणि ती घेऊन येणाऱ्याला दार उघडते.

तुमचं काय? शेवटचं कुणाकडे काय मागितलं होतं? ओटीपी सोडून सांगा!